भुकेले पाषाण आणि करीमखानाची अपुरी हकीकत

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की किल्ला, तलवार, वाडा आणि बादशहाचा जनानखाना या चार गोष्टी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्यात प्रणय आला की चांदणी रात्र आणि कारंजे येते. आणि लेखकाला थोडी भीतीही हवी असेल तर तो पडका महाल निवडतो, मध्यरात्री तिथे पैंजण वाजवतो. हा पडका महाल बहुधा कुणा सुलतानाचा, नवाबाचा किंवा बादशहाचा असतो. पैंजण वाजवणारी स्त्री इराणी, तुर्की, निदान उर्दू बोलणारी असते. भारतीय भाषांतल्या ऐतिहासिक प्रणयकथेत मुसलमान माणूस दोन रूपांत वारंवार भेटतो. एक रूप जुलमी सत्ताधीशाचे. त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, परिसंवादही झाले आहेत. दुसरे रूप भुताचे. ते सुंदर असते, करुण असते, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार करावी असे कुणाला वाटत नाही. पण भूत होण्यासाठी आधी मरावे लागते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

या लेखात त्या दुसऱ्या रूपाचा विचार करायचा आहे, आणि तो एकाच कृतीच्या आधाराने. ती कृती म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांची ‘क्षुधित पाषाण’, म्हणजे भुकेले दगड. ती १८९५ साली ‘साधना’ या बंगाली मासिकात आली. इंग्रजीतून ती १९१६ साली जगभर गेली. आकाराने ती दीर्घकथा आहे, कादंबरी नव्हे. परंतु ऐतिहासिक प्रणयकादंबरीचे सारे साहित्य तिच्यात आहे. पुढे चित्रपटांतून हिंडणाऱ्या कितीतरी हवेल्यांची ती मूळ हवेली आहे.

भुताचा प्रवास

इतिहास, प्रणय आणि भूत यांची सांगड मुळात युरोपातली. १७६४ साली लंडनमध्ये होरेस वॉलपोल या उमरावाने ‘द कासल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी छापली. गंमत अशी की पहिल्या आवृत्तीवर त्याने स्वतःचे नाव घातले नाही. हे एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर आहे अशी त्याने बतावणी केली. लोकांना पुस्तक आवडले, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत त्याने कर्तेपण कबूल केले आणि आपल्या कथेला ‘गॉथिक’ हे नाव दिले. म्हणजे या प्रकाराचा जन्मच बनावट दस्तऐवजातून झाला. खरा इतिहास नसला तरी त्याचा वास यावा एवढीच लेखकाची गरज होती.

या भुताने पूर्वेकडे तोंड वळवायला फार वर्षे लागली नाहीत. १७८६ साली विल्यम बेकफर्डची ‘वाथेक’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक म्हणजे अब्बासी खलिफा अल्-वासिक, हारून अल्-रशीदचा नातू. ८४२ ते ८४७ एवढीच त्याची कारकीर्द. बेकफर्डच्या कादंबरीत हा खलिफा ज्ञानाच्या आणि ऐश्वर्याच्या हव्यासापायी इब्लिसच्या नादी लागतो आणि शेवटी जमिनीखालच्या नरकमहालात जाऊन पडतो. इतिहासातला वासिक आणि हा वाथेक यांच्यात नावापलीकडे फारसे नाते नाही. पण इंग्रज वाचकाच्या मनात मुसलमान राजवाडा म्हणजे अत्तर, वासना आणि शाप, हे समीकरण बसले ते बसलेच.

त्यानंतर वॉल्टर स्कॉट आला. त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या इंग्रजी शिकलेल्या हिंदी तरुणांनी आवडीने वाचल्या. बंगालीत बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ साली आली. तिच्यात कतलूखानाची मुलगी आयेशा राजपूत जगतसिंहावर जीव लावते आणि शेवटी त्यागाची मूर्ती होऊन बाजूला होते. मराठीत गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली पुरी झाली. तेव्हा रवींद्रनाथांच्या हाती हा प्रकार आला तो तयार साच्यासह. त्यांनी त्या साच्याचे काय केले, हे पाहण्यासाठी आधी अहमदाबादेत जायला हवे.

शाहीबागेतले दिवस

जहांगीर बादशहा १६१८ साली अहमदाबादेत होता. तिथली धूळ आणि हवा त्याला मुळीच मानवली नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने या शहराला ‘गर्दाबाद’, म्हणजे धुळीचे गाव, अशी नावे ठेवली आहेत. त्याच सुमारास गुजरातची सुभेदारी शहजादा खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शहाजहानकडे होती. खुर्रमचा मुलगा औरंगजेब याचा जन्म १६१८ सालचाच, गुजरातेतल्या दाहोदचा. या सुभेदारीच्या काळात साबरमतीच्या काठी खुर्रमसाठी बाग आणि महाल बांधण्यात आला. तोच शाहीबाग. पुढे मोगलाई गेली, मराठे आले, १८१७ नंतर इंग्रज आले, आणि महाल साहेबांच्या निवासाला लागला.

१८७८ साली तिथे राहत होते न्यायाधीश सत्येंद्रनाथ ठाकूर, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले पहिले हिंदी अधिकारी. त्यांची पत्नी आणि मुले त्या वेळी विलायतेत होती. धाकट्या भावाला, रवींद्रला, विलायतेला शिकायला पाठवायचे ठरले होते. त्याआधी इंग्रजी रीतिभाती अंगवळणी पडाव्यात म्हणून तो भावाकडे आला. वय सतरा. सत्येंद्रनाथ कचेरीत गेले की एवढ्या मोठ्या महालात हा मुलगा एकटा. खाली साबरमतीची उन्हाळ्यातली बारीक धार, आत कबुतरांचे घुमणे, आणि भावाच्या पुस्तकांची कपाटे. कलकत्त्याचे शहर फार जुने नव्हे. तिथे इतिहास असा अंगावर येत नसे. इथे मात्र त्याला थबकून उभा राहिलेला काळ दिसला. या महालातच ‘क्षुधित पाषाण’चे बीज मनात पडले, असे त्यांनी पुढे आपल्या बालपणीच्या आठवणींत नोंदवले आहे. ते पुस्तक १९४० सालचे, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीचे. बासष्ट वर्षांनीही तो महाल त्यांच्या स्मरणातून गेला नव्हता.

अहमदाबादेहून रवींद्रनाथ मुंबईला आले. तिथे ते प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. डॉक्टरांची विलायतेहून आलेली मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी बोलायला शिकवी. तिला त्यांनी ‘नलिनी’ हे नाव दिले, ही हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १८७८ मध्ये ते बोटीत बसले. कथा मात्र आणखी सतरा वर्षांनी लिहिली गेली.

महालाची गोष्ट

कथा सुरू होते रेल्वेच्या डब्यात. पूजेच्या सुट्टीत फिरून कलकत्त्याला परतणारे दोन बंगाली नातेवाईक आणि एक अनोळखी प्रवासी. त्या प्रवाशाचा पोशाख पाहून दोघांना तो उत्तरेकडचा मुसलमान वाटतो. तो वेदांवर बोलतो, विज्ञानावर बोलतो, फारसी बैतही म्हणतो. गाडी बदलायच्या स्टेशनावर पुढची गाडी उशिरा आहे असे कळते, आणि प्रतीक्षागृहात हा प्रवासी आपली हकीकत सांगू लागतो.

जुनागढची नोकरी सोडून तो हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत शिरला. त्याला बरीच नावाच्या गावी कापसाचा महसूल गोळा करण्याचे काम मिळाले. निजामाच्या रियासतीतला कापूस आणि त्याचा वसूल हा मराठवाड्यातल्या वाचकाला परका विषय नव्हे. इथे लेखकाने जागा बदलल्या आहेत. साबरमतीची शुस्ता नदी झाली आणि खुर्रमचा महाल कुणा दुसऱ्या महमूदशहाचा झाला. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ऐषारामासाठी बांधलेला संगमरवरी महाल, नदीपर्यंत उतरणाऱ्या दीडशे पायऱ्या, आणि आसपास वस्ती नाही. कचेरीतला म्हातारा कारकून करीमखान त्याला बजावतो की दिवसा राहा, रात्री राहू नका. नोकर रात्री थांबत नाहीत. साहेब हसतात आणि राहतात.

आठवडाभरात महाल त्यांना गिळू लागतो. संध्याकाळी पायऱ्यांवरून मुली धावत नदीत उतरल्याचा भास होतो. दिसत कोणीच नाही. रात्री एक अदृश्य स्त्री हाताला धरून दालनांमागून दालनांतून नेते. एका पडद्यासमोर जरीचे कपडे घातलेला हबशी खोजा मांडीवर नागवी तलवार घेऊन पेंगत बसलेला असतो. दिवसा साहेब आखूड इंग्रजी कोट घालून कागद तपासतात. रात्र पडली की पायजमा, अंगरखा आणि मखमली टोपी चढवून, रुमालाला अत्तर लावून कुणाची तरी वाट पाहतात. एक इराणी तरुणी आरशात क्षणभर दिसते. एका वादळी रात्री ती गालिच्यावर पालथी पडून केस उपटत रडते. मला इथून सोडव, अशी तिची याचना त्यांच्या कानी येते.

आणि रोज पहाटे महालाभोवती एक वेडा फेऱ्या घालतो. त्याचे नाव मेहेरअली. तो ओरडतो की दूर व्हा, सगळे खोटे आहे. एके पहाटे साहेब पावसात त्याच्या मागे धावतात आणि विचारतात, काय खोटे आहे? वेडा त्यांना ढकलून पुन्हा फेरी घालू लागतो.

अखेर साहेब करीमखानाकडे जातात. करीमखान सांगतो की या महालात एके काळी असंख्य अतृप्त वासना पेटल्या होत्या. त्यांच्या शापाने इथला एकेक दगड भुकेला आहे. जिवंत माणूस मिळाला की तो त्याला खाऊ पाहतो. तीन रात्री इथे काढून बाहेर पडलेला एकटा मेहेरअली, आणि तोही वेडा होऊन. सुटकेचा उपाय एकच आहे, पण तो फार अवघड. तो कळण्यासाठी या महालातल्या एका विकत घेतलेल्या इराणी मुलीची पूर्वकथा आधी ऐकावी लागेल.

नेमकी इथे गाडी येते. पहिल्या वर्गातून एक इंग्रज डोके बाहेर काढतो, या प्रवाशाला ओळखतो आणि आपल्या डब्यात घेतो. बंगाली गृहस्थ दुसऱ्या वर्गात चढतात. इराणी मुलीची कहाणी राहून जाते. एक नातेवाईक म्हणतो की त्याने आपल्याला बनवले. दुसरा, जो थिऑसॉफिस्ट आहे, तो हे मानत नाही. त्या वादातून दोघांचा जन्माचा संबंध तुटतो. गोष्ट संपते.

गोष्ट कुणाजवळ आहे?

या शेवटावर समीक्षकांनी पुष्कळ विचार केला आहे. कोणी त्यात विनोद पाहिला, कोणी गूढ. आपण जरा वेगळ्या जागेवरून पाहू. कथेत मुसलमान माणसे दोन प्रकारची आहेत. महालातली माणसे मेलेली आहेत आणि अत्यंत सुंदर आहेत. कचेरीतला करीमखान आणि रस्त्यावरचा मेहेरअली जिवंत आहेत. त्यांच्या अंगावर जर नाही की अत्तर नाही. १८९५ सालच्या हिंदुस्थानात हजारो मुसलमान असेच होते, कारकुनी करणारे आणि धक्क्यातून न सावरलेले. साच्यातली ऐतिहासिक प्रणयकथा असती तर लेखकाने या दोघांना दरवान आणि वेडा एवढ्यावरच ठेवले असते. रवींद्रनाथांनी तसे केले नाही. महालाची भूल खोटी आहे हे ओरडून सांगणारा मेहेरअली आहे, आणि त्या भुलीमागची खरी हकीकत माहीत असलेला करीमखान आहे. साहेबाला मोह पडला तो पैंजणांचा. सुटकेचा मार्ग मात्र कारकुनाजवळ होता.

दुसरी गोष्ट अशी की तो मार्ग कोणता? गंडा नाही, ताईत नाही, मंत्र नाही. त्या मुलीची पूर्वकथा ऐकणे ही त्यातली पहिली अट. ती कोण, कुठली, कुणी विकली, कुणी विकत घेतली, हे जाणल्याशिवाय दगडांची भूक शमणार नाही. लेखकाने भुताच्या कथेत इतिहासाची मागणी करून ठेवली आहे. आणि ती मागणी पुरी होण्याच्या क्षणी पहिल्या वर्गातला साहेब येऊन सांगणाऱ्याला उचलून नेतो. आपला इतिहास कुणाच्या डब्यात बसून निघून गेला, हे यातून ज्याने त्याने समजून घ्यावे.

न सांगितलेली हकीकत

करीमखान जे सांगणार होता ते आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ती मुलगी कल्पनेतली आहे. पण तिच्यासारख्या स्त्रिया कल्पनेतल्या नव्हत्या. सुलतानांच्या, बादशहांच्या आणि त्याचप्रमाणे हिंदू राजांच्या घरांत विकत घेतलेल्या, नजर केलेल्या, लढाईत धरून आणलेल्या स्त्रिया होत्या. हे आपण स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. जुन्या वैभवाच्या अभिमानात हा हिशेब झाकून ठेवणे बरे नव्हे. शरियतने दासीला काही संरक्षण दिले होते. मालकापासून मूल झालेली दासी ‘उम्मे वलद’ ठरे. तिला विकता येत नसे, मालकाच्या मृत्यूनंतर ती मुक्त होई आणि तिचे मूल स्वतंत्र मानले जाई. अकबराने १५६२ साली पराभूतांच्या बायकामुलांना गुलाम करण्यास बंदी घातली. १८४३ साली कंपनी सरकारने कायदा करून गुलामीला न्यायालयात मान्यता नाकारली. पण संरक्षण म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, आणि हुकूम निघाला म्हणजे बाजार बंद झाला असेही नव्हे. बादशहाच्या मोहिमेची नोंद तारखेसकट सापडते. त्याच्या जनान्यातल्या दासीच्या गावाचे नाव सापडत नाही. जिथे कागद संपतो तिथे कादंबरीकार भूत उभे करतो, तो यामुळे.

पडद्यासमोर पेंगणाऱ्या त्या हबशाचेही असेच. कथेत तो एक भीतिदायक आकृती आहे. त्याला नाव नाही, वाचा नाही. आता त्याच अहमदाबाद शहरात या. लाल दरवाजापाशी सिदी सय्यदची मशीद आहे. १५७२-७३ सालची, गुजरात सल्तनतीच्या अगदी अखेरची. तिच्या दगडी जाळीत कोरलेले झाड आज साऱ्या शहराची खूण झाले आहे. ती मशीद बांधवणारा सिदी सय्यद हबशी होता. शाहीबागेत १८७८ साली राहणाऱ्या मुलापासून ती काही कोसांवरही नव्हती. त्याच काळात दक्षिणेत मलिक अंबर होता. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात विकत अहमदनगरला आलेला गुलाम. तो निजामशाहीचा वजीर झाला, १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. त्याने नहर बांधली, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली, मोगलांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. १६२६ साली तो वारला. खुलताबादेत त्याचा मकबरा आहे. हबशी म्हटल्यावर मराठी माणसाला जंजिराही आठवतो. तेव्हा प्रणयकथेतला पेंगणारा हबशी आणि इतिहासातला जागा हबशी यांची गाठ घालून देणे, हे काम भुताचे नव्हे, आपले आहे.

बोलणारी नवाबजादी

रवींद्रनाथांना स्वतःलाही ती अपुरी कहाणी सलत असावी असे वाटते. कारण तीनच वर्षांनी, १८९८ साली, त्यांनी ‘दुराशा’ लिहिली. ती ‘क्षुधित पाषाण’शेजारी ठेवून वाचायला हवी.

दार्जिलिंगचे दाट धुके. रस्त्याकडेला भगव्या वस्त्रातली, जटा वाढलेली एक स्त्री रडत बसली आहे. निवेदकाला प्रथम ती आहे की भास आहे हेच कळत नाही. म्हणजे मांडणी पुन्हा भुताचीच. पण ही स्त्री बोलते. ती बद्राओनच्या नवाब गुलाम कादरखानाची मुलगी. बापाच्या फौजेतला ब्राह्मण अधिकारी केशरलाल रोज पहाटे यमुनेत स्नान करून पूजा करी. जनान्याच्या खिडकीतून तिने त्याला पाहिले आणि त्याच्या निष्ठेवर तिचे मन जडले. १८५७ चे बंड झाले. बापाने दगा दिला. रणात घायाळ पडलेल्या केशरलालला तिने पाणी पाजले. ती कोण हे कळताच त्याने मरणाच्या दारातही तिला झिडकारले, तिच्यावर हात उगारला. तिने त्यालाही त्याच्या धर्माचे तेज मानले. घर सोडले, संस्कृत शिकली, योगिनी झाली, त्याला शोधत हिंडली. अडतीस वर्षांनी तो सापडला तो भुतियांच्या वस्तीत, भुतिया बायको आणि नातवंडांसह, मळक्या कपड्यांत अंगणात मक्याचे दाणे काढताना. जे ब्राह्मण्य तिने अढळ धर्म समजून पूजले, ते केवळ सवय आणि संस्कार होते. तो ते सोडून मोकळा झाला होता. तिने मात्र त्यापायी आपले सर्वस्व गमावले होते.

निघताना ती आधी नमस्कार करते. मग तेवढ्यात सुधारून सलाम करते. एवढ्या एका कृतीत तिची सारी हयात येते. इथे मुसलमान स्त्री ही कुणाच्या स्वप्नातली इराणी पुतळी नाही. तिला बाप आहे, गाव आहे, तारीख आहे, मत आहे. तिने कुणाकडे सुटकेची याचनाही केलेली नाही. आपली फसगत तिने स्वतःच ओळखली आहे. धुके निवळते तेव्हा निवेदकाला सारेच खोटे वाटू लागते, ही लेखकाची हुलकावणी. वाचकाच्या मनातून मात्र ती बाई जात नाही. पहिल्या कथेत न मिळालेली पूर्वकथा या कथेत दुसऱ्या स्त्रीच्या तोंडून मिळाली, असे म्हणता येईल.

पडद्यावर आणि आपल्याकडे

वाचकवर्गाने आणि चित्रपटांनी ‘दुराशा’ फारशी उचलली नाही, ‘क्षुधित पाषाण’ उचलली. १९६० साली तपन सिन्हांनी तिच्यावर बंगाली चित्रपट काढला. उस्ताद अली अकबर खाँचे संगीत होते. पुढे गुलजारांचा ‘लेकिन’ आला. त्याच्या निर्मात्या लता मंगेशकर आणि संगीतकार हृदयनाथ. त्यातली गाणी घरोघर गेली, १९९० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाचा गौरव झाला. चित्रपट देखणा आहे यात वाद नाही. पण त्यात महाल राजस्थानच्या वाळवंटात गेला, आणि विकत आणलेल्या इराणी मुलीच्या जागी दरबारी गवयाची मुलगी रेवा आली. हा बदल करण्याचा दिग्दर्शकाला अधिकार आहे. आपण एवढीच नोंद घ्यायची की त्या दासीची हकीकत रेल्वे स्टेशनावर एकदा राहिली ती पडद्यावरही राहिलीच. खुद्द शाहीबागेचा महाल १९६० नंतर १९७८ पर्यंत गुजरातच्या राज्यपालांचे निवासस्थान होता. मग तिथे सरदार पटेलांचे स्मारक झाले.

मराठीत या इराणी मुलीची बहीण शोधायची तर ती मस्तानी. तिच्या रूपाच्या दंतकथा प्रत्येकाला पाठ आहेत. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या १९७२ सालच्या कादंबरीने तिला सहानुभूतीने उभे केले. २०१५ साली त्यावरून हिंदी चित्रपट निघाला आणि तिचे नाव देशभर झाले. पण प्रणयकथा बाजीरावांच्या मृत्यूपाशी, म्हणजे १७४० सालापाशी थांबते. मस्तानीही त्याच वर्षी गेली, आणि कथेच्या दृष्टीने तिचा छान शेवट झाला. इतिहास तिथे थांबला नाही. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतच्या रणात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी वारला. नातू अली बहादूर बुंदेलखंडात गेला आणि त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले. त्यांच्यातला दुसरा अली बहादूर १८५७-५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि आपली गादी गमावून बसला. मस्तानीची कबर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. शनिवारवाड्याच्या मस्तानी दरवाजाला अलीबहाद्दर दरवाजा असेही नाव आहे. त्या वाड्यात रात्री नारायणरावांची हाक ऐकू येते असे सांगतात. १७७३ च्या खुनाची ती आठवण. पण अलीबहाद्दर कोण, हे दरवाजापाशी उभे राहून कितीजण विचारतात? भुताची हाक सर्वांना ऐकू येते, वंशजाचे नाव मात्र दरवाजावर असूनही वाचले जात नाही.

आपले काम

मराठी मुस्लिम लेखक गेल्या काही दशकांत आपल्या घराविषयी, मोहल्ल्याविषयी, तलाकविषयी, दंग्यांविषयी लिहू लागला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर या लेखनाला बळ आले. त्या मानाने ऐतिहासिक कादंबरीकडे आपण कमी वळलो. त्याचे कारण उघड आहे. तिथे आधीच महाल बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यात आपल्यासाठी दोनच जागा आहेत, सिंहासनावरची आणि थडग्यातली. तिसरी जागा आपल्यालाच करावी लागेल. ती करीमखानाची जागा आहे. कचेरीतल्या, दफ्तराजवळच्या माणसाची.

साधने नाहीत असे नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी आणि फारसी कागद आहेत. दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या इनामाच्या सनदा कित्येक कुटुंबांत अजून पेटीच्या तळाशी असतात. काझींच्या घरांत निकाहाच्या जुन्या नोंदी असतात. त्या नोंदींत मेहेरची रक्कम असते, वकिलाचे नाव असते, वधूचे आणि तिच्या बापाचे नाव असते. म्हणजे स्त्रीचे नाव लिहून ठेवणारा कागद आपल्या घरांतच होता. त्यातून बादशहा निघणार नाहीत. पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, मुजावर, मुलाणी निघतील. त्यांच्या बायका आणि मुली निघतील. कुणी या कागदांवरून कादंबरी लिहिली तर तिच्यात प्रणयही असेल, भीतीही असेल, कदाचित एखादे भूतही असेल. भुताला आपली हरकत नाही. हरकत आहे ती त्याची पूर्वकथा न ऐकता उठून जाण्याला.

रवींद्रनाथांची कथा शंभराहून अधिक वर्षे तशीच अपुरी आहे. साहेब गाडीत बसून गेले, पण करीमखान गाडीत चढलेला नाही. तो बरीचच्या कचेरीतच आहे, आणि सांगायला तयार आहे. त्याच्यासमोर बसून लिहून घेणारा मात्र हवा.